दिवा लागलेला, हब बेपत्ता

१

"मास्तर, हब गेला," नेली म्हणाली.

मी चर्चच्या वेदीमागे वाकून पाहिले. हब तिथेच होता. साबणाच्या वडीएवढा काळा डबा, त्याला चार तोंडे, चारींत एकेक वायर खुपसलेली आणि वर हिरवा दिवा. माझ्या डोळ्यांवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही, म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तरी होताच.

"हा काय, इथे आहे," मी जरा भीतच म्हणालो.

"तुम्हाला दिसतो, मला दिसतो. मशीनला दिसत नाही."

नेलीचे मशीन म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. एका पट्टीवर सगळा संसार. जागा इतकी कमी की बाहेरची वस्तू जोडायला भोक एकच. कॅमेरा, माइक, आवाजाचा डबा आणि कीबोर्ड अशी चार मंडळी एका भोकातून आत जाणार कशी? म्हणून मध्ये हब. हबमध्ये चौघे, आणि हबपासून मशीनपर्यंत एक वायर. नेली शाळेत माझी विद्यार्थिनी होती. आता खालच्या आळीत तिचे कॉम्प्युटरचे दुकान आहे. हे सगळे तिने मला इतक्या वेळा समजावले होते की शेवटी मी समजल्यासारखी मान हलवली होती.

"रविवारी तर चालत होतं," मी म्हणालो.

"तेच तर. रविवारी विल्मेरचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. काकू रडल्यासुद्धा. आणि आज सकाळी येऊन बघते तर मशीन म्हणतंय, मला कोणीच जोडलेलं नाही."

तार्हेलियाकाकू पहिल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना बोलायची गरजच नव्हती. सगळ्या तोतोरपांपा गावाला त्यांची काळजी ठाऊक होती.

आमच्याकडे बाळ येशूची मूर्ती दर नाताळला एका घरातून दुसऱ्या घरी जाते. ज्याच्या घरी जाईल तो वर्षभराचा यजमान. मिरवणूक चर्चमध्ये परतली की फादर विचारतात, बाळाला घेतोस का? यजमानाने स्वतःच्या तोंडाने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे 'घेतो' म्हणायचे. ऐकू आले नाही तर बाळ पाळीतल्या पुढच्या घरी. यंदाची पाळी काकूंच्या मुलाची, विल्मेरची होती, आणि विल्मेर न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्सला, एका हॉटेलच्या भटारखान्यात. त्याच्याकडे कागदपत्रे नाहीत. एकदा इकडे आला की तिकडे परत जाता येणार नाही, म्हणून तो कित्येक वर्षे आलाच नव्हता. ही पाळी हुकली तर पुढची यायला अर्धे आयुष्य लागते, आणि काकूंकडे अर्धे आयुष्य शिल्लक नव्हते.

फोन माइकला लावला असता तर काम झाले असते, पण चर्चमध्ये फोनला बंदी. गेल्या वर्षी मूर्ती देता-घेताना ऐन शांततेत एक फोन वाजला, आणि त्यातून जे गाणे निघाले ते बाळासमोर वाजण्यासारखे नव्हते. फोन फादर तेओडोरोंचाच होता. म्हणून तर बंदी इतकी कडक.

फादर आले, हबाकडे पाहिले, हिरव्या दिव्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दिवा लागलाय म्हणजे बिघाड नाही. बिघाड नाही म्हणजे यात कोणाचा तरी हात आहे. मास्तर, वाचनालयातल्या सगळ्या रहस्यकथा तुम्ही वाचल्यात ना?"

"वाचल्यात, फादर. पण एकीतही मला शेवट आधी ओळखता आला नाही."

"मग आज ओळखा. मिरवणूक दुपारी परत येते."

२

मी आधी नेलीलाच प्रश्न विचारले. एक तर तिला विचारताना मला संकोच वाटत नाही, आणि दुसरे म्हणजे रहस्यकथांत ज्याने गुन्हा उघडकीला आणला त्याच्यावर संशय घ्यायची पद्धत आहे. फादर मघाशी माझ्या कानात पुटपुटलेही होते, की या पोरीला मोठे मशीन विकायचे होते.

"विकायचं होतंच," नेली सरळ म्हणाली. "पण हे चालवून दाखवलं असतं तर पुढच्या चार गावांनी हेच घेतलं असतं. आज हे बंद पडलं तर उद्या माझ्याकडून कोणी बल्बसुद्धा नेणार नाही."

"मशीन बिघडलं असेल का?"

"कीबोर्ड काढून थेट मशीनला लावला. चालला. भोक ठीक, मशीन ठीक."

"मग हब बिघडला असेल."

"हब उचलून दुकानात नेला. माझ्या कॉम्प्युटरला लावला. कॅमेरा दिसला, माइक दिसला, सगळं दिसलं. परत इथे आणला, मेल्यासारखा. म्हणजे मेल्यासारखाही नाही, दिवा लागतोच आहे."

"सगळ्या वायरींसकट नेला होतास?"

"ह्या चार मंडळींच्या वायरी नेल्या. हबाची इथेच ठेवली, दुकानात तसल्या वायरींचा ढीग आहे." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "आणि मास्तर, विचित्र काय आहे सांगू? हब खराब असला की मशीन कुरकुर करतं. काहीतरी आलंय पण ओळखू येत नाही, असं सांगतं. इथे तक्रारच नाही. जणू दाराशी कोणी आलंच नाही."

मी वेदीला टेकून विचार करू लागलो. म्हणजे विचार करतोय असे दिसावे, एवढे तरी करू लागलो. मशीन निर्दोष, हब निर्दोष, आणि दोघे शेजारी बसून एकमेकांना ओळख देत नाहीत. असे घरांत होते, पण तिथे कारण माहीत असते.

समोर गव्हाण मांडली होती. ओर्तेन्सियाबाई तिच्यातले गवत सारखे करत होत्या. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात, बाळाचे कपडे त्याच शिवतात, आणि विल्मेरला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून त्यांनीच हातात धरले होते. गव्हाण यंदा देखणी झाली होती. बाळाच्या उशाशी विल्मेरने गेल्या नाताळला क्वीन्सहून पाठवलेला चांदणीचा दिवा, पांढरे गवत, पांढरी झालर. रविवारी तिथे काहीतरी डोळ्यांना खुपत होते. आज खुपत नव्हते. काय ते मला आठवेना, आणि माझ्या आठवणीला मी हल्ली फार ताण देत नाही. वर पंखांची मारियामाता नेहमीसारखी सापाच्या डोक्यावर पाय देऊन उभी होती.

"रविवारी मी प्रवचनात सांगितलं होतं," फादर मागून म्हणाले. "डोळे उघडे ठेवा, साप बाळाच्या उशाशीही येऊन बसतो. एकावर जरी परिणाम झाला असता तर आज ही वेळ आली नसती. सेगुंदोला विचारा, मास्तर."

विल्मेरच्या नंतर पाळी सेगुंदो लोहानोची होती. आणि चर्चच्या उघड्या दारातून, त्याच्याच घराच्या दिशेने, भाजल्या जाणाऱ्या डुकराचा वास येत होता.

३

सेगुंदो आमच्या बँडचा म्होरक्या. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो अंगणात ट्यूबाचा भलामोठा पितळी कर्णा पुसत बसला होता, आणि मागे अख्खे डुक्कर चुलीवर लाल होत होते.

"ये मास्तर. तुझं तोंड बघून कळलं, चौकशीला आलास."

"डुक्कर कोणासाठी?" मी विचारले.

"खाण्यासाठी."

"एवढं मोठं?"

"लहान आणायला गेलो होतो. हे माझ्याकडे बघून हसलं."

"सेगुंदो, यजमान झाल्याशिवाय एवढं डुक्कर कोणी भाजत नाही."

त्याने ट्यूबा खाली ठेवला. "हे बघ. पोरगा तिकडे, इंटरनेट त्या घंटाघरावरच्या तबकडीतून येणार, मशीन नेलीच्या पर्समध्ये मावतं. माणसाने तयारी ठेवायची का नाही? ऐन वेळी बाळ माझ्या दारात आलं, तर त्याला आणि अख्ख्या गावाला काय उकडलेला मका घालू? तयारी केली म्हणून मी चोर झालो?"

"काल तू वेदीमागे होतास का?"

हा प्रश्न मी असाच विचारला. पुस्तकांत विचारतात म्हणून. पण सेगुंदोने मान खाली घातली.

"होतो," तो म्हणाला.

आरोपी कबूल झाल्यावर पुढे काय विचारायचे, ते मला माहीत नव्हते. पुस्तकांत अशा वेळी प्रकरण संपते.

"काय करत होतास तिथे?" मी शेवटी विचारले.

"झोपलो होतो. घरी बायको रंगकाम काढून बसलीय, बँडची तालीम झाली की पाठ टेकायला जागा नाही. वेदीमागे गार असतं, गालिचा असतो. तुझ्या बापाचा सुद्धा तिथे डोळा लागायचा." तो माझ्याजवळ सरकला. "पण एक सांगतो. मला जाग आली तेव्हा पलीकडून एका बाईचा आवाज येत होता. हळू, दात खाऊन. म्हणत होती, 'नीघ मेल्या, नीघ इथून. लेकराजवळून नीघ.' मला वाटलं मलाच म्हणतेय. मी डोळे घट्ट मिटून घोरायला लागलो."

"आणि मग?"

"मग ती माझ्या अंगावरून पाय टाकून मशीनकडे गेली."

४

ओर्तेन्सियाबाईंची मला भीती वाटते, हे मी कबूल करतो. शाळेत मी वर्गावर ओरडलो तरी पोरे हसायची. त्या नुसत्या चर्चच्या दारात उभ्या राहिल्या तरी रस्त्यातली कुत्री बाजूला व्हायची. मी मागच्या खोलीत गेलो तेव्हा त्या बाळाच्या झग्याला इस्त्री करत होत्या, आणि चक्क गुणगुणत होत्या.

"बसा मास्तर. तुम्हाला चमत्कार बघायचाय?"

मी म्हणालो, बघतो. नाही म्हणायची माझी तयारी नव्हती.

त्यांनी एप्रनच्या खिशातून फोन काढला.

"बाई, चर्चमध्ये फोनला बंदी आहे ना?"

"बंदी लोकांना. मी लोक आहे का?" त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "ह्यात विल्मेरच्या बाप्तिस्म्याचे फोटो आहेत. जुन्या अल्बममधले, मी एकेक करून ह्यात काढून घेतलेले. तार्हेलियाला मोठा छापून द्यायचा होता. वर्ष झालं, वायर लावून फादरांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडतेय. फोन चार्ज होतो, पण फोटो काही जात नाहीत. फादर म्हणायचे, बाई, तुमच्या फोनला कॉम्प्युटर आवडत नाही."

"आणि आता?"

"काल संध्याकाळी बाळाच्या चांदणीची वायर घेतली, तिनेच फोन चार्ज केला, तीच घेऊन ऑफिसात गेले. जोडली. सगळे फोटो भराभर गेले. तीच चांदणी, तीच वायर, वर्षभर जी मुकी होती. बाळाने तिला वाचा दिली." त्यांनी छातीवर क्रूस काढला. "मी मेणबत्ती लावून आलेय. आता विल्मेरचं पण तेवढं बाळाने बघावं."

मला त्यांना विचारायचे होते, की काल दात खाऊन तुम्ही कोणाला हाकलत होता. पण त्यांच्या हातात तापलेली इस्त्री होती आणि डोळ्यांत पाणी. मी "छान, छान" म्हणालो आणि बाहेर पडलो.

चौकातल्या बाकावर बसून मी कागदाच्या पुडीतला मका खाऊ लागलो. खालच्या रस्त्यावर मिरवणूक निघाल्याचे ढोल ऐकू येत होते. रस्ता घोड्यांनी आणि सजवलेल्या गाड्यांनी भरून गेला होता. वेळ थोडा उरला होता आणि माझ्याजवळ एक झोपलेला साक्षीदार, एक डुक्कर आणि एक चमत्कार एवढाच पुरावा होता. फादरांना सांगावे की मला जमत नाही, असे ठरवून मी उठलोही.

उठताना एक गोष्ट मनात आली, म्हणून परत बसलो.

काल एका वायरीला वाचा फुटली. आणि कालच, त्याच चर्चमध्ये, एका हबाची वाचा गेली. चमत्कार आणि अपघात एकाच दिवशी, एकाच छपराखाली. मशीन निर्दोष, हब निर्दोष. दोघे भले असतील आणि तरी निरोप पोचत नसेल, तर निरोप्याला का विचारू नये? पण निरोप्या जिवंत होता, हिरवा दिवा त्याच्याच जोरावर लागत होता. आणि ओर्तेन्सियाबाईंचा फोनही वर्षभर चार्ज होत होताच की.

पुडी बाकावर तशीच ठेवून मी चर्चकडे निघालो. माझ्या वयाला शोभणार नाही इतक्या वेगाने.

५

नेली मशीनपुढे मांडी घालून बसली होती. तिने मशीनच्या आतले सगळे पुसून पुन्हा भरले होते, आणि मशीनला अजूनही कोणी दिसत नव्हते. काकू तशाच बसल्या होत्या. फादर येरझाऱ्या घालत होते. लोक येऊ लागले होते.

"नेली," मी म्हणालो, "चूक असेल तर सोडून दे. पण अशी वायर असते का, जी वीज नेते पण बोलणं नेत नाही?"

"असते की. स्वस्तातल्या दिव्यांबरोबर, पंख्यांबरोबर येते. आत फक्त विजेच्या तारा असतात, बोलायच्या घालतच नाहीत. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. तोंडंही तीच. पण मी नाही तसली लावली."

"तू कोणत्या रंगाची लावली होतीस?"

"पांढरी. घाईत दुकानातून तीच हाताला—"

ती थांबली. आम्ही दोघांनी हबाकडे पाहिले. कॅमेऱ्याची वायर काळी, माइकची काळी, आवाजाच्या डब्याची काळी, कीबोर्डची काळी. आणि हबापासून मशीनपर्यंत जाणारीही काळी. इतक्या काळ्यांत आणखी एक काळी कोणाच्या डोळ्यात भरणार?

मग आम्ही गव्हाणीकडे पाहिले. बाळाच्या उशाशी चांदणी लुकलुकत होती, आणि तिची पांढरी वायर पांढऱ्या गवतातून भिंतीकडे गेली होती. रविवारी मला काय खुपत होते ते आता आठवले.

"ओर्तेन्सियाबाई," मी म्हणालो. "वायरींची अदलाबदल तुम्ही केलीत का?"

सगळे चर्च त्यांच्याकडे पाहू लागले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"केली," त्या म्हणाल्या. "लपवायचंय काय त्यात? वर आईने सापाला पायाखाली दाबून धरलाय आणि खाली तिच्या लेकराच्या उशाशी काळा लांबलचक साप वळवळत पडलाय, हे मी बघत बसू? मागे बघितलं तर तशीच पांढरी मशीनला लावलेली. तोंड तेच, तिकडे चांदणी लागली, इकडे तुमचा हिरवा दिवा लागला. कोणाचं काही बिघडलं नाही."

"पण बाई, रविवारपर्यंत तुम्हाला तो साप दिसला नव्हता?" नेलीने विचारले.

"वर्षभर वायरच वाटली होती. रविवारी फादरांनी दाखवला."

"मी?" फादर म्हणाले.

"तुम्हीच. हात लांब करून. डोळे उघडे ठेवा म्हणालात, साप बाळाच्या उशाशीही येऊन बसतो म्हणालात. मी हाताच्या दिशेने बघितलं तर खरंच बसला होता."

फादरांनी तो हात हळूच झग्याच्या बाहीत घेतला.

"फादर," मी म्हणालो, "प्रवचनाचा एकावर परिणाम झाला."

बाहेर सेगुंदोचा बँड चढ चढून येत होता, त्याचा ट्यूबा दारापर्यंत पोचला होता. नेलीचे दुकान खाली, आणि मध्ये सगळी मिरवणूक. दुसरी वायर आणायला वेळ नव्हता. नेली गव्हाणीपुढे वाकली, चांदणीची पांढरी वायर उपसली आणि वेदीकडे वळली.

ओर्तेन्सियाबाईंनी तिची वाट अडवली.

"म्हणजे साप परत इथे?"

"किंवा विल्मेर तिथेच," तार्हेलियाकाकू म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदा बोलत होत्या. "ठरव तू, ओर्तेन्सिया. तुझा पण आहे तो."

ओर्तेन्सियाबाईंनी वर मारियामातेच्या मूर्तीकडे पाहिले. मग त्यांनी स्वतः वेदीमागे जाऊन काळी वायर ओढून काढली, दोन बोटांच्या चिमटीत धरून, जणू ती अजून चावेल. चांदणीला लावली. चांदणी लागली. मग त्यावर गवताची मूठ टाकली, आणि आणखी एक.

नेलीने पांढरी वायर हबात खुपसली. मशीनकडे पाहत राहिली. माझा माझ्या तर्कावर एवढाही विश्वास नव्हता, म्हणून मी डोळे मिटले.

"एक," नेली म्हणाली. "दोन. तीन. चार. आले सगळे."

६

बाळाला आत आणले तेव्हा चर्च दारापर्यंत भरले होते. सेगुंदो ट्यूबा काखेत घेऊन खांबाला टेकून उभा होता. कॅमेऱ्याचा डोळा गव्हाणीवर रोखलेला होता.

फादरांनी विचारले, "विल्मेर, बाळाला घेतोस का?"

डब्यातून काही आले नाही. तेवढ्यात मला मी केलेल्या सगळ्या चुका दिसून गेल्या. तार्हेलियाकाकूंनी टोपीची कड मुठीत घट्ट धरली.

मग दुरून भांडी आदळल्याचा आवाज आला, कोणीतरी कोणाला तरी गप्प बसायला सांगितले, आणि विल्मेरचा आवाज शेवटच्या बाकावरून पुढे दारातल्या घोड्यांपर्यंत गेला.

"घेतो, फादर. घेतो."

काकूंनी डोळे पुसले नाहीत. मान वर करून त्या नुसत्या त्या डब्याकडे पाहत राहिल्या, जणू त्यातून अजून कोणी बाहेर येणार होते. ओर्तेन्सियाबाईंनी जाऊन त्यांचा हात धरला. सेगुंदोने ट्यूबा तोंडाला लावला, पण फुंकण्याआधी माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "डुक्कर काकूंच्या घरी पाठवतो. एवढं मोठं मी एकटा काय करू?"

"थांबा, थांबा, एक मिनिट," डब्यातून पुन्हा आवाज आला. सगळे थांबले. "ओर्तेन्सियामावशी, मला इथून गव्हाण दिसतेय. बाळाच्या उशाशी गवतात ते काळं काय आहे? साप आहे का?"

फादरांनी छताकडे पाहिले. ओर्तेन्सियाबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मी जमिनीकडे.

तार्हेलियाकाकू उठल्या आणि माइकजवळ गेल्या.

"तूच पाठवलास रे, बाळा," त्या म्हणाल्या. "चांदणीबरोबर."